नटेसनच्या कॉफीची उगवण

डबा

कॉफी आधी डब्यात होती. ती डब्यातच राहिली असती तर कमळाबाईचं अख्ख्या बदलापूर गावात हसं झालं नसतं. पण बंद डब्यात बी ठेवणं कमळाबाईला कधी पटलं नव्हतं आणि पुढेही पटणार नव्हतं.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावर एका गोऱ्या मडमेचं चित्र. तो नटेसनने आणला. नटेसन म्हणजे कमळाबाईच्या पडवीला लागून जी खोली होती तिच्यात भाड्याने राहणारा मद्रासी तरुण. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. सामान सांभाळून ठेवणं हाच त्याचा धंदा, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या हाती काही सोपवताना त्याचा जीव खालीवर व्हायचा.

होळी झाली आणि तो लग्नासाठी गावी निघाला. निघायच्या सकाळी डबा दोन्ही हातांत धरून, देवळातून तीर्थ आणावं तसा, तो ओटीवर आला.

"अम्मा, ही कॉफी. कूर्गहून मामानं पाठवली. मी परत येणार तेव्हा बायको येणार. पहिल्या सकाळी तिला हीच कॉफी पाहिजे. तिच्या घरी सगळे कॉफीवाले. कॉफी खराब, तर माझी इज्जत खराब."

"खराब कशाला व्हईल?"

"हवा लागू नाही पाहिजे. पाणी नको. ऊन नको. वास नको. फक्त डबा. बंद."

कमळाबाईने झाकण उघडलं. आत काळे, मधोमध चीर असलेले दाणे.

"हे तर बी हाय."

"हो, बी. त्याची पावडर करतात. मग कॉफी."

"बी हाय ना? मंग मना नको शिकवू. तू जा, लगीन कर."

नटेसन गेला. जाताना तीनदा मागे वळून त्याने डब्याकडे पाहिलं. कमळाबाईकडे एकदाही नाही.

आता, कमळाबाईला हे असं म्हणायचा अधिकार होता. तिच्या सासूच्या काळात उल्हास नदीला असा पूर आला की घराघरांतलं भाताचं बियाणं वाहून गेलं. वाचलं ते फक्त हिच्या घरचं, कारण घर उंचवट्यावर आणि बी चुलीवरच्या माळ्यावर. तेव्हापासून गावाने रीतच पाडली. भात झोडून झालं की ज्याने त्याने आपलं निवडक बी आणून या घरी द्यायचं, आणि पेरणीला परत न्यायचं. सासू गेली, माळा कमळाबाईकडे आला. तिला गाणं येत नव्हतं, तिच्या भाकऱ्या कडेला जाड व्हायच्या, बोलणंही तसं खरखरीत. पण गावात कुठेही लग्न निघालं की पहिली हळद लावायला तिला बोलावत, कारण तिच्या हातचं बी मरत नाही. या एका गोष्टीवर ती गावात ताठ मानेने चालायची. ही गेली तर तिच्याकडे उरल्या असत्या त्या कडेला जाड भाकऱ्या.

सूप

बिचारा बंद डबा! रोज येताजाता कमळाबाई त्याच्याकडे बघायची आणि तिचा स्वतःचाच श्वास कोंडायचा.

"आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मानसाला असं डब्यात घातलं तर?"

हरिचंद्र दाढी करत होता. साबण लावलेल्या गालाने तो म्हणाला, "त्यानं सांगितलंय ना बंद ठेव म्हनून."

"त्याला काय कळतंय? कारखान्यात खिळं सांभाळतो तो. खिळं श्वास घेतात काय?"

"अगो, पन ऊन नको म्हनला."

"पोर लाजलेलं होतं. लग्नाला निघालेलं पोर काय पन बोलतं."

डबा उघडला. आतून जो वास आला त्याने कमळाबाई दोन पावलं मागे सरली. करपट, तेलकट, दाट वास. हा वास जन्मजात असेल हे तिच्या मनातही आलं नाही. कोंडल्यामुळेच आला, हे नक्की. रंग काळा, त्याचं तिला काही वाटलं नाही. तीळ काळे असतात, उडीद काळे असतात, ही आणखी एक काळी जात. कॉफीचं झाड तिने पाहिलं नव्हतं, तिच्या आईने पाहिलं नव्हतं, गावात कुणीच पाहिलं नव्हतं.

मग चैत्रातल्या उन्हात सूप भरून कॉफी अंगणात आली. दुपारपर्यंत दाणे तेलाने चमकायला लागले. कमळाबाईला बरं वाटलं. बी घाम गाळतंय, म्हणजे आतली ओल निघतेय.

कणगी

उन्हानंतर राख. राखेत चोळलं की किडा लागत नाही. राखेनंतर कडुनिंबाचा वाळलेला पाला, एक थर दाण्यांचा, एक थर पाल्याचा. मग ते सगळं एका टोपलीएवढ्या कणगीत. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून बाहेरून शेणामातीने लिंपलेली, तोंडही शेणाने बंद. आणि ती कणगी माळ्यावर, बरोबर चुलीच्या वर, जिथे धूर पोचतो. तिथे एका बाजूला गावातल्या सदूचं पटणी भाताचं बी, दुसऱ्या बाजूला शेजारीण बनूबाईचं झिनी भाताचं. मानाची जागा.

खाली चुलीवर बोंबील भाजले जात होते.

डब्यात कमळाबाईने मीठ भरलं.

इथे कॉफी नव्हती

तिकडे तंजावरच्या बाजूला नटेसनचं लग्न लागत असेल, असं कमळाबाई एका दुपारी माळ्याकडे बघत मनाशी म्हणाली. तो नव्या बायकोला सांगत असेल, भिऊ नको, बदलापूर रान असलं तरी तुझी कॉफी एका जाणत्या बाईच्या ताब्यात आहे.

तिला हे चित्र इतकं आवडलं की ते तिने तीन-चार दुपारी पाहिलं. एकदा त्यात बायको नटेसनला विचारते, कोण ती बाई? आणि नटेसन सांगतो, तिच्या हातचं बी मरत नाही.

पुरचुंडी

अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गावाची उगवण व्हायची. म्हणजे असं, की प्रत्येक घरच्या बियाण्यातली मूठभर काढून ओल्या फडक्यात बांधायची, ती पुरचुंडी कमळाबाईच्या ओटीवरच्या दांडीला टांगायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सणाच्या दिवशी सगळ्यांच्या देखत सोडायची. कोंब आले तर बी जिवंत. एकदा टांगलेली पुरचुंडी मध्येच काढायची नाही, हा नियम. तो सासूनेच घातला होता, कुणी लबाडी करू नये म्हणून.

या वर्षी कमळाबाईने एक पुरचुंडी जास्तीची बांधली.

हरिचंद्र म्हणाला, "कॉफी प्यायची असते. पेरायची नसते."

"ते मना पन ठाव हाय. पन प्यायची म्हंजे ताजी पायजे ना? ताजी हाय का नाय ते कसं कळनार? वाल ताजं असलं की कोंब येतो. मूग ताजं असलं की कोंब येतो. ज्याला कोंब नाय ते शिळं. नटेसन आला की मी त्याच्या हातावर कोंब ठेवनार."

हरिचंद्रला यातली चूक सापडेना. खरं तर कुणालाच सापडली नसती.

दुसऱ्याच दिवशी इतर पुरचुंड्यांतून स्वच्छ पाणी ठिबकत होतं आणि एकीतून तपकिरी. तिसऱ्या दिवशी इतर फडकी फुगली. भाताच्या कोंबांनी आतून रेटा दिला होता. ही एक तशीच, ओघळलेली. कमळाबाईने आजूबाजूला पाहून बोटाने चाचपली. दाणे मऊ. कोंबाचं टोकसुद्धा लागेना. तिने गाठ जरा सैल करून आत डोळा घातला आणि परत गच्च बांधली.

बी मेलं होतं. तिच्या घरात, तिच्या हातून, तिच्या चुलीच्या वर.

शेजारची बनूबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "वयनी, ती चहा गळतीय ती पुरचुंडी कोनाची गो?"

"गळू दे," कमळाबाई म्हणाली. "तुझी नाय."

दुसरा डबा

हरिचंद्रला तिने उल्हासनगरला पिटाळलं. कँपातल्या सिंध्यांच्या दुकानात काय हवं ते मिळतं, असं सगळं गाव म्हणायचं. त्याला फक्त ताजं कॉफीचं बी आणायचं होतं. पुरचुंडी काढायची नाही असा नियम होता, पण पुरचुंडीत मागाहून काही घालायचं नाही असा नियम सासूने केला नव्हता.

हरिचंद्र परतला तो हातात डबा घेऊन.

"मिळालं?"

"ऐक तरी. दुकानदाराला बोललो, कॉफी का बी होना. तो बोलला, 'साईं, पावडर है, एक नंबर.' मी बोललो, 'पावडर नाय, बी. कोंब येनारा बी.' तो बोलला, 'कोंब क्या होता है?' मी हातानं करून दाखवलं." हरिचंद्रने मुठीतून एक बोट हळूहळू वर काढून दाखवलं. "दुकानातल्या बाया उठून गेल्या."

"मंग?"

"मंग तो बोलला, 'वडी साईं, कराचीपासून इथपर्यंत दुकान केलं, पण कॉफीत कोंब मागणारा आज पहिला भेटला.' आनि हे दिलं."

कमळाबाईने डबा उघडला. आत तपकिरी भुकटी.

"हे तर पीठ."

"ताजं हाय म्हनाला."

"पिठाला कोंब फुटनार काय? आता रांगोळी घालू त्याची?"

"वास चांगला हाय गो," हरिचंद्र हळूच म्हणाला आणि माजघरातून बाहेर पडला.

ओटी

अखितीची सकाळ. सगळं गाव ओटीवर आणि अंगणात. कमळाबाई एकेक पुरचुंडी सोडते आहे, लोक माना उंचावून बघताहेत.

"महिपतीदादाची!"

"आली, आली. बग कशी पांढरीफेक कोंबं."

"सदूची पटणी!"

"आली. आयला, गच्च हाय."

"माझी झिनी दाखव गो वयनी."

"ही घे, बने. डोळं भरून बग."

"झालं काय? चला, गूळ वाटा."

"थांबा. ती एक राहिली."

"कुठली?"

"ती. चहाची."

"बने, तुना काय करायचं हाय तिच्याशी?"

"मना काय? मी आपलं ईचारतंय. गावाच्या दांडीला टांगलेली, गावासमोर सोडायची. सासूबाईंचाच नेम ना तुझ्या?"

"सोड गो कमळे. एवढं काय त्यात," महिपतीदादा म्हणाला. तो गावात सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत कमी दात असलेला.

फडकं सुटलं.

"ईऽऽ!"

"काय हाय हे?"

"नटेसनची कॉफी," कमळाबाईने सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. "ठेवायला दिलेली."

"एक पन कोंब नाय?"

"काळं ठिक्कर पडलंय. सडलंय बी!"

"सडलं नाय. त्याचा रंगच तसा."

"जल्माचं काळं असंल. पन रुजलं का नाय? मेलं ना?" ही बनूबाई.

 सदूने कपाळावर आठ्या घातल्या. "काकी, हे माळ्यावर कुनाच्या शेजारी होतं?"

"तुझ्याच."

"माझ्याच? आनि दुसऱ्या अंगाला?"

"बनूच्या."

"आगं आयव!" बनूबाई ओरडली. "माझी झिनी! हा रोग लागला म्हंजे? आज कोंब हायत, उद्याचं कोन सांगावं? पेरनीपर्यंत सगळा माळा काळा!"

मग अंगणात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, कमळीचा हात उतरला. कुणी म्हणालं, परक्याचं बी गावाच्या बियात घालायला कुणी सांगितलं होतं. आणि शेवटी महिपतीदादा, ज्याच्या शब्दाला मान होता, काठी टेकत म्हणाला, "कमळे, राग नको धरू. माझं बी खाली दे. मी घरी नेतो."

शिडी लावली गेली. एकेक कणगी खाली उतरू लागली.

चूल

नेमका त्याच वेळी नटेसन आला. टांगा दाराशी थांबला. आधी ट्रंक उतरली, मग वळकटी, मग हिरव्या लुगड्यातली, नाकात दोन्ही बाजूंना चमकी घातलेली त्याची बायको. तिचं नाव अलमेलू. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि अंगणातली गर्दी आपल्या स्वागताला जमली आहे असं वाटून तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

कमळाबाईने नटेसनचा दंड धरला आणि त्याला थेट चुलीपाशी नेलं.

"पोरा, मना माफ कर. तुझी कॉफी मेली."

"मेली?"

"रुजत घातली. एक दाना फुटला नाय."

 नटेसनने विचारलं, "अम्मा, कॉफीला कोंब कसा येणार? ती भाजलेली आहे."

"काय हाय?"

"भाजलेली. मामानं कढईत भाजून पाठवली. कच्ची वेगळी असते, फिकी, हिरवट. भाजल्यावर काळी. भाजलेल्या चण्याला कोंब येतो?"

कमळाबाई चुलीपाशी बसली. आधी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. बी तिच्या हातून मेलंच नव्हतं. ते मामाने कूर्गलाच मारलं होतं. मग लगेच दुसरा धोंडा चढला. हे बाहेर जाऊन सांगायचं, म्हणजे काय सांगायचं? की गावाचं बी जिच्या हाती, तिला कच्चं आणि भाजलेलं ओळखता येत नाही? तिने चणे-फुटाणे रुजत घातले? बनूबाई हे मरेपर्यंत पुरवून पुरवून खाईल.

"नटेसना," ती म्हणाली, "भाजलेलं म्हनून सांगू नको. तू नुसतं पी. सगळ्यांसमोर पी. बी बिघडलेलं नाय, रोग नाय, एवढं दिसलं म्हंजे जालं. जमंल?"

"त्यात काय," नटेसन म्हणाला. "कॉफी तर पिणारच. डबा कुठे?"

कमळाबाईने माळ्यावरून टोपलीएवढी कणगी काढली आणि परत लिंपलेलं शेणाचं तोंड फोडलं.

नटेसनला बसायला पाट द्यावा लागला.

पेला

कॉफी अलमेलूने केली, कारण ती म्हणे स्वतःशिवाय कुणाच्याच हातची पीत नसे. दाणे तिने राखेतून काढले, पाला झटकला, फडक्याने पुसले, एकेक नाकाशी धरला. नवऱ्याशी ती तमिळमध्ये बरंच काही बोलली.

"काय बोलते?" कमळाबाईने विचारलं.

"घर छान आहे म्हणते."

ट्रंकेतून पितळी फिल्टर निघाला. दाणे पाट्यावर वाटले गेले. पाटा मिरचीचा होता, पण तोवर त्याने काही बिघडायचं राहिलं नव्हतं.

अंगणात लोक आपापलं बी काखोटीला मारून उभे होते. कमळाबाईने पदर खोचून जाहीर केलं, "सडलेलं कोन पिनार नाय. हा ज्याची कॉफी तो पितो. त्यानं चांगली म्हनलं तर रोग नाय. मान्य?"

"मान्य," महिपतीदादा म्हणाला.

नटेसनने पेला उचलला.  कमळाबाई त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती जशी ती कधी नवऱ्याच्याही तोंडाकडे बघत नसे. गावाचा माळा, लग्नातली पहिली हळद, सासूचं नाव, सगळं त्या पोराच्या गालांच्या दोन स्नायूंवर आलं होतं.

त्याने घोट घेतला. त्यात लाकडाचा धूर होता, बोंबील होता, कडुनिंब होता, थोडं शेण होतं, आणि शेवटी, अगदी लांबून हाक आल्यासारखी, मिरची होती. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. कानांच्या पाळ्या हलल्या. पण त्याने गिळलं. मग दुसरा घोट. मग पेला उपडा करून दाखवला.

"फस्ट क्लास," तो म्हणाला. आवाज बारीक आला, पण आला.

"मंग डोळ्यांत पानी कशाला?" बनूबाई.

"घरची आठवण आली."

महिपतीदादाने मान डोलावली. सदूने काखेतलं बी खाली ठेवलं. 

आणि मग अलमेलूने आपला पेला तोंडाला लावला.

तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण आणि कुठल्या भाषेत? ती एका कॉफीवाल्या घरातून आली होती, लांबच्या प्रवासाने दमली होती, आणि हा तिच्या नव्या घरातला पहिला घोट होता. तो घोट तोंडात जाताच तिचे डोळे मोठे झाले. ती उठली, ओटीच्या कडेला गेली आणि सगळ्या गावासमोर

फुर्रर्र.

मूठ

"बगितलंव!" बनूबाईने टाळी वाजवली. "बायकोनं थुकली! नवरा खोटं पिला!"

सदूने बी परत काखेत घेतलं. महिपतीदादाने काठी उचलली. नटेसन बायकोला काहीतरी भराभर सांगू लागला, आणि ती त्याहून भराभर उत्तर देऊ लागली, आणि एवढं मात्र कुणालाही भाषांतराशिवाय कळत होतं की घर छान आहे असं ती म्हणत नव्हती.

कमळाबाई उभी राहिली. आता खोटं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगितलं तर माती होणार होती. पण कुंपणाबाहेर निघालेल्या कणग्या तिला दिसत होत्या. कुणाचं छप्पर गळतं, कुणाच्या घरी उंदीर, कुणाची चूल महिन्यातून अर्धे दिवस थंड. पेरणीपर्यंत त्यातलं निम्मं बी खरंच मेलं असतं. बी मरू देण्यापेक्षा आपण मेलेलं बरं, असं तिला वाटलं; आणि हसण्याने मरणंच येतं असंही तिला वाटत होतं.

ती कणगीत हात घालून मूठभर कोरडे दाणे घेऊन अंगणात उतरली.

"महिपतीदादा, तुमी भातातच म्हातारं जालाव. बगा आनि सांगा. हे बी कच्चं का भाजलेलं?"

"ह्यात काय सांगायचं?" दादाने एक दाणा नखाने खरवडला, नाकाशी नेला. दाण्याला धूर, निंब आणि बोंबील यांचा वास होता. "कच्चं. माझं केस ह्याच्यात पांढरं जालं, मना विचारतेस?"

"सदू?"

"कच्चंच की, काकी."

"बने, तू?"

"कच्चं नायतर काय! जल्माचं काळं. हे मी मघाशीच बोलले नाय?"

"बोललीस. सगळ्यांनी आयकलं. आता नटेसना, तू सांग. खरं काय ते सांग."

नटेसन पुढे आला. "भाजलेली आहे. मामानं भाजली."

"खोटं!" बनूबाई म्हणाली.

"खोटं असंल तर दाताखाली घे," कमळाबाई म्हणाली. "सदू, घे. चाव."

सदूने दाणा दाढेखाली धरला. कुर्र. आणि त्याचा चुरा झाला. सदूने दुसरा चावला. कुर्र. कच्चं बी असं कधी फुटत नाही, हे तिथल्या लहानथोरांना ठाऊक होतं. महिपतीदादाला दात नव्हते म्हणून त्याने सदूला आपल्या कानाशी आणखी एक चावायला लावला, आणि ऐकून झाल्यावर चुरा तळहातावर घेऊन बोटाने चाचपला.

"भाजलेलं," तो शेवटी म्हणाला.

"भाजलेलं," कमळाबाई म्हणाली. "ते माझ्या घरात मेलं नाय. ते मेलेलंच आलं. तुमी सगळ्यांनी त्याला कच्चं म्हनलं, मी पन म्हनलं. तुमचं एवढं बरं की तुमी नुसतं म्हनून थांबलाव. मी त्याला उन्हं दाखवली, राख लावली, धूर दिला, त्याची चव घालवली आनि मंग..." इथे तिची नजर बनूबाईकडे गेली. पण तिने वाक्य तोडलं नाही. "मंग मी ते फुटानं रुजत घातलं. पानी शिंपडलं रोज."



सर्वांत आधी हसला तो हरिचंद्र. तो घरचाच माणूस, त्याने खरं तर शेवटी हसायचं, पण त्याला उल्हासनगरचा दुकानदार आणि स्वतःचं ते वर येणारं बोट आठवलं आणि तो खांबाला धरून खाली बसला. मग सदू. मग महिपतीदादा, ज्याचं हसू खोकल्यासारखं सुरू झालं आणि खोकल्यातच संपलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. "रोज पानी शिंपडलं!" कुणी म्हणे, आणि परत लाट उठे. अलमेलूलाही, काही न कळता, हसू आलं.

कमळाबाई मधोमध उभी. तिला वाटलं होतं तसं मरण काही येईना. कान मात्र तापले होते.

माळा

सगळ्यांत आधी महिपतीदादाने आपली कणगी ओटीच्या पायरीवर ठेवली.

"घे. वर टाक. ज्या बाईनं फुटान्याला येवढं जपलं, ती भाताला काय कमी करनार हाय?"

सदूने ठेवली. मग दुसऱ्यांनी. हरिचंद्र शिडी धरून उभा राहिला आणि कमळाबाई पदर खोचून वर चढली.

नटेसनने ट्रंकेच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. बायकोने माहेरून आणलेली कॉफी, फिकी, हिरवट, कच्ची. लागेल तेवढीच भाजायची, बाकी तशीच ठेवायची, अशी तिच्या घरची पद्धत होती. माळ्यावरून कमळाबाईची नजर पिशवीकडे गेली मात्र, अलमेलूने ती गुपचूप ट्रंकेत परत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

अंगणात बनूबाई एकटीच राहिली होती, काखेत झिनीची कणगी. सगळ्यांत मोठ्याने ओरडली होती तीच, म्हणून तिचे पाय सगळ्यांत जड.

"मना तर आधीच वास आलेला," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "भाजल्याचा. पन म्हनलं, वयनीला वाईट वाटंल."

"हां," कमळाबाई वरून म्हणाली.

"घरी नेली असती मी. पन घरात उंदीर झालेत."

"हां."

बनूबाई ओटीवर चढली. शिडीखाली येऊन तिने कणगी वर केली. कमळाबाईने दोन्ही हातांनी धरली, पण बनूबाईने लगेच सोडली नाही.

"सांभाळ गो वयनी," ती म्हणाली. "भाजू नको म्हंजे जालं."

खालून हरिचंद्र परत हसायला लागला आणि शिडी हलली. कमळाबाईने कणगी ओढून पोटाशी घेतली, झिनीच्या वासाने तिचा जीव थंड झाला, आणि ती माळ्यावरून ओरडली, "कुठं ठेवू सांग, बने. चुलीवर का चुलीत?"